कोणती तपासणी, केव्हा आणि कशासाठी?

आपल्या न्यासाच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी आरोग्यविषयक चार शब्द लिहावेत, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा विषय शोधण्यासाठी आम्हांला फार लांब जावे लागले नाही. न्यासाच्या वैद्यकीय साहाय्य समितीचे काम आम्ही गेली अनेक वर्षे पाहत आहोत. पूर्वी आमच्या मासिक बैठकीत औषधांसाठी आणि शस्त्रक्रियेसाठी येणारे अर्जच अधिक असत. आता त्यांच्या जोडीला सी.टी. स्कॅन, एम.आर.आय. आणि सोनोग्राफी यांच्या खर्चासाठी अर्ज येतात. इंदूर शहरातूनच नव्हे, तर देवास, धार, महू येथूनही आपले समाजबांधव फिल्मांच्या मोठमोठ्या पिशव्या काखेत घेऊन येतात. "ही तपासणी कोणी सांगितली आणि कशासाठी?" असे विचारले, तर पुष्कळदा उत्तर मिळते, "शेजारचे काका म्हणाले, एकदा एम.आर.आय. करूनच टाका, म्हणजे सगळे कळेल."

सगळे कळेल, हा समज आम्ही अनेक घरांना महाग पडलेला पाहिला आहे. त्यातील दोन प्रसंग येथे सांगतो. नावे सांगण्याचे प्रयोजन नाही.

पहिला प्रसंग एका सेवानिवृत्त गृहस्थांचा. गव्हाचे पोते उचलताना त्यांच्या कमरेत उसण भरली. चार दिवसांत बरे वाटेना, म्हणून त्यांनी कोणाही डॉक्टरांना न दाखवता परभारे एम.आर.आय. काढवून घेतला. पैसे हातउसने घेतले होते. अहवालात मणक्यांतील गाद्या झिजल्याचे आणि दोन ठिकाणी बाहेर आल्याचे लिहिले होते. ते वाचून या गृहस्थांनी चालणे सोडले, देवळात जाणे सोडले, नातवाला उचलणे सोडले. दुखणे तीन आठवड्यांत थांबले असते, पण भीतीने त्यांना सहा महिने अंथरुणाला खिळवले.

दुसरा प्रसंग अधिक दुःखाचा आहे. एका घरातील कर्त्या पुरुषाचा उजवा हात पहाटे एकाएकी लुळा पडला आणि वाचा गेली. घराजवळच्या रुग्णालयात सी.टी. स्कॅनची सोय होती. परंतु घरच्यांना कोणी तरी सांगितले की, मेंदूसाठी एम.आर.आय. हीच सर्वांत मोठी तपासणी, मग लहान तपासणीत वेळ कशाला घालवता? त्या मोठ्या तपासणीच्या शोधात तीन ठिकाणे फिरण्यात जवळजवळ पाच तास गेले. गुठळी विरघळवण्याच्या औषधाची वेळ टळून गेली होती. ते गृहस्थ आज चालतात, पण उजव्या हाताने लिहू शकत नाहीत.

एका ठिकाणी नको असलेली तपासणी झाली आणि दुसऱ्या ठिकाणी हवी असलेली वेळेवर झाली नाही. दोन्हींचे मूळ एकच. तपासण्यांत लहानमोठी अशी उतरंड असते आणि महाग ती चांगली, असा आपला समज झाला आहे. हा समज दूर व्हावा, एवढ्याच हेतूने हा पाठ लिहीत आहोत.

१. पाहण्याच्या चार रीती

प्रथम क्ष-किरण. जर्मनीतील वुर्झबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी हे किरण प्रथम पाहिले आणि १९०१ साली भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. हे किरण मऊ भागांतून सहज आरपार जातात, हाडांत मात्र अडतात. म्हणून मोडलेले हाड, झिजलेला सांधा आणि हवेने भरलेले फुप्फुस पाहण्यास साधा एक्स-रे उत्तम. मेंदू, स्नायूबंध आणि मणक्यातील गादी त्यात दिसत नाही.

दुसरी रीत सी.टी. स्कॅनची. येथेही क्ष-किरणच असतात, पण ते शरीराभोवती फिरवून गणकयंत्राच्या साहाय्याने आडवे छेद तयार केले जातात. पाव कापल्यावर त्याची आतली बाजू दिसावी, तसेच हे. गॉडफ्रे हौन्सफिल्ड यांच्या यंत्राने लंडनमध्ये १९७१ साली पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले आणि १९७९ साली हौन्सफिल्ड व अ‍ॅलन कॉरमॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ही तपासणी काही मिनिटांत आटोपते. ताजा रक्तस्राव, डोक्याची इजा, पोटातील तातडीचे विकार आणि फुप्फुसांचे बारकावे पाहण्यात तिचा हातखंडा आहे.

तिसरी सोनोग्राफी. हिच्यात किरणोत्सर्ग मुळीच नाही. कानाला ऐकू न येणारा ध्वनी शरीरात सोडावयाचा आणि त्याचा प्रतिध्वनी टिपावयाचा, एवढेच तत्त्व. ग्लासगो येथील इयन डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ साली प्रसूतिशास्त्रातील तिचा उपयोग प्रसिद्ध केला. पित्ताशय, यकृत, मूत्रपिंड, गर्भाशय आणि गर्भ पाहण्यास ही पहिली तपासणी. परंतु हवा आणि हाड यांच्यापुढे ध्वनीचे काही चालत नाही. त्यामुळे फुप्फुसाचा खोल भाग किंवा मोठ्या माणसाचा मेंदू तिला पाहता येत नाही. तान्ह्या बाळाची टाळू भरलेली नसते, म्हणून त्याचा मेंदू मात्र टाळूवाटे पाहता येतो.

चौथी एम.आर.आय. यात प्रबळ लोहचुंबक आणि रेडिओ लहरी वापरतात. येथेही क्ष-किरण नाहीत. या तंत्राबद्दल पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मेंदू, मज्जारज्जू, मणक्यातील गाद्या, गुडघ्यातील स्नायूबंध हे मऊ भाग हिच्याइतके स्पष्ट दुसऱ्या कशातही दिसत नाहीत. पण तपासणीस बहुधा वीस ते पंचेचाळीस मिनिटे लागतात, रुग्णाला अरुंद बोगद्यात निश्चल पडावे लागते आणि यंत्राचा आवाज मोठा असतो.

वाचकांच्या ध्यानात येईल की, या चौघी एकाच शाळेतील पहिली, दुसरी, तिसरी, चौथी इयत्ता नव्हेत. सुताराच्या पेटीत करवत, पटाशी, रंधा आणि गिरमिट असते. त्यांतील मोठे हत्यार कोणते, हा प्रश्नच चुकीचा. काम कोणते आहे, हे आधी ठरवावयाचे.

२. प्रश्न आधी, चित्र नंतर

चांगला वैद्य यंत्राकडे बोट दाखवण्यापूर्वी रुग्णाची हकीकत ऐकतो, नाडी पाहतो, पोट दाबून पाहतो, पाय उचलून पाहतो. त्यातून त्याच्या मनात एक नेमका प्रश्न तयार होतो. "मेंदूत रक्तस्राव झाला आहे काय?" हा प्रश्न झाला. "डोक्यात काय आहे ते पाहा" हा प्रश्न नव्हे. त्यानंतर वैद्याने आणखी एक गोष्ट स्वतःला विचारावयाची असते: तपासणीचे उत्तर होय आले किंवा नाही आले, तर माझ्या उपचारात काही फरक पडेल काय? दोन्ही उत्तरांनी औषध तेच राहणार असेल, तर ती तपासणी बहुधा अनावश्यक समजावी.

याला केवळ आमचे मत समजू नये. ब्रिटनमधील रेडिऑलॉजिस्टांच्या महाविद्यालयाने १९८९ साली आणि अमेरिकेतील संस्थेने १९९३ पासून कोणत्या तक्रारीस कोणती तपासणी योग्य, याचे मार्गदर्शन तयार करण्यास आरंभ केला. तेव्हापासून ते वेळोवेळी सुधारले जात आहे.

३. नित्याच्या तक्रारी

कंबरदुखी. साधी कंबरदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप कमी होते. म्हणून धोक्याचे लक्षण नसेल, तर पहिले सहा आठवडे एक्स-रे किंवा एम.आर.आय. करू नये, असाच सर्वमान्य सल्ला आहे. वेदना नसलेल्या ३,११० व्यक्तींच्या चित्रांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतील सुमारे ३० टक्के, पन्नाशीतील ६० टक्के आणि ऐंशीतील ८४ टक्के लोकांच्या गाद्या बाहेर आलेल्या दिसल्या. या लोकांची कंबर दुखत नव्हती! केस पिकतात तशा गाद्याही झिजतात. मात्र पायाची शक्ती जाणे, लघवी किंवा शौचावरील ताबा सुटणे, जांघेतील संवेदना जाणे, ताप, अकारण वजन घटणे, पूर्वी कर्करोग झालेला असणे, मोठा अपघात, यांपैकी काही असेल तर वाट पाहू नये. ताबा सुटला असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तेथे एम.आर.आय. हीच योग्य तपासणी.

पक्षाघात. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, वाचा अडखळणे, यांतील काहीही एकाएकी झाले, तर सी.टी. स्कॅनची सोय असलेल्या आणि पक्षाघातावर उपचार करणाऱ्या जवळच्या रुग्णालयात तत्काळ जावे. पहिल्या काही तासांत साध्या सी.टी. मध्ये मेंदूची इजा दिसेलच असे नाही, आणि एम.आर.आय. मध्ये ती लवकर दिसते, हे खरे. परंतु त्या घटकेला वैद्याचा प्रश्न वेगळा असतो: रक्तस्राव आहे की नाही? रक्तस्राव नसेल आणि अन्य अडचण नसेल, तर गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत देता येते. रक्तस्राव असताना तेच औषध प्राणघातक ठरू शकते. या एका प्रश्नाचे उत्तर सी.टी. काही मिनिटांत देते. निवडक रुग्णांत मोठ्या रक्तवाहिनीतील गुठळी नळीवाटे चोवीस तासांपर्यंत काढता येते, म्हणून उशीर झाला तरी घरी बसू नये. लक्षणे किती वाजता सुरू झाली, हे घरच्यांनी कागदावर लिहून ठेवावे. ती एक ओळ मोलाची असते.

डोक्यास मार. बेशुद्धी, वारंवार उलट्या, झटके, गोंधळलेपणा, किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणे, अशा वेळी सी.टी. हवा. कवटीच्या एक्स-रेमध्ये हाड दिसते, मेंदू दिसत नाही. म्हणून "एक्स-रे चांगला आला" एवढ्यावर निर्धास्त राहू नये.

डोकेदुखी. वर्षानुवर्षे तशीच येणारी अर्धशिशी असेल आणि तपासणीत दोष नसेल, तर स्कॅनची गरज नसते. वीज कोसळावी तशी एकाएकी आलेली तीव्र डोकेदुखी, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली, किंवा ताप, मान आखडणे, झटके, अशक्तपणा यांसह येणारी डोकेदुखी ही वेगळी बाब. तेथे विलंब नको.

पोटदुखी. पित्ताशयातील खड्यांसाठी सोनोग्राफी पुरे होते, सी.टी. मध्ये काही खडे दिसतही नाहीत. आंत्रपुच्छाच्या दाहाचा संशय असल्यास लहान मुलांत व गर्भवतींत सोनोग्राफीने आरंभ करावा. मोठ्या माणसांत पुष्कळदा सी.टी. लागतो. मूतखडा शोधण्यात सी.टी. अधिक तीक्ष्ण आहे, यात संशय नाही. तरी २०१४ साली अमेरिकेतील १५ रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत झालेल्या अभ्यासात असे दिसले की, सोनोग्राफीने आरंभ केला तरी रुग्णांच्या गंभीर दुष्परिणामांत वाढ झाली नाही आणि किरणोत्सर्ग मात्र कमी झाला. काही रुग्णांस पुढे सी.टी. लागला, पण सर्वांस नव्हे.

जुना खोकला. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, सायंकाळचा ताप आणि वजनात घट असेल, तर छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी दोन्ही कराव्यात. एक्स-रे डाग दाखवतो, तो डाग क्षयाचा आहे की अन्य कशाचा, हे बहुधा थुंकीच सांगते. येथे स्वस्त तपासणी ही महागड्या स्कॅनपेक्षा वरचढ ठरते.

घोटा आणि गुडघा. घोटा मुरगळल्यावर प्रत्येकाने एक्स-रे काढण्याची गरज नाही. १९९२ साली कॅनडात तयार झालेल्या नियमाप्रमाणे, घोट्याच्या हाडांच्या मागील कडेला किंवा टोकाला दाबल्यावर दुखत असेल, अथवा चार पावलेही टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढावा. वयोमानाने झिजलेल्या गुडघ्यासाठी उभे राहून काढलेला साधा एक्स-रे बहुधा पुरेसा होतो. त्यासाठी एम.आर.आय. चा आग्रह धरू नये.

४. किरणांचा हिशेब

जमीन, आकाश, अन्न यांतून प्रत्येक मनुष्याला वर्षाकाठी जगाच्या सरासरीने सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट इतका नैसर्गिक किरणोत्सर्ग मिळतच असतो. छातीच्या एक्स-रेने फार तर ०.१ मिलिसिव्हर्ट, म्हणजे निसर्गातून साधारण पंधरा दिवसांत मिळतो तेवढाच मिळतो. डोक्याच्या सी.टी. चा अंदाज २ आणि पोटाच्या सी.टी. चा ८ ते १० मिलिसिव्हर्ट. म्हणजे पोटाचा एक सी.टी. निसर्गाच्या तीन-चार वर्षांबरोबर झाला. यंत्र व पद्धतीप्रमाणे हे आकडे कमीअधिक होतात.

हे वाचून कोणी घाबरू नये. गरज असताना सी.टी. नाकारणे हा त्या किरणांहून मोठा धोका आहे. परंतु मुलांच्या वाढत्या पेशी अधिक नाजूक असतात आणि त्यांच्यापुढे आयुष्य मोठे असते, म्हणून त्यांच्या बाबतीत दोनदा विचार करावा. गर्भवतीने, किंवा तशी शक्यता असलेल्या स्त्रीने, ते आधीच सांगावे. तिच्यासाठी सोनोग्राफी आणि गरज पडल्यास एम.आर.आय. हे मार्ग आहेत. जिवावर बेतले असेल, तर मात्र क्ष-किरणांचीही तपासणी करावीच लागते. येथे हेही सांगितले पाहिजे की, सोनोग्राफीने गर्भलिंग पाहणे व सांगणे हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. विचारणाऱ्यानेही तो करू नये.

एम.आर.आय. ला जाताना मंगळसूत्र, बांगड्या, केसांतील पिना, चाव्या, श्रवणयंत्र बाहेर ठेवावे. हृदयात बसवलेला पेसमेकर, कानातील रोपण, मेंदूतील रक्तवाहिनीची चिमटी, किंवा कारखान्यात कधी डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण, यांची माहिती न विचारताही द्यावी. शिरेतून रंगद्रव्याचे इंजेक्शन देणार असतील, तर मूत्रपिंडाचा विकार, मधुमेहाच्या गोळ्या आणि पूर्वी आलेली अ‍ॅलर्जी सांगावी.

५. निरोग्याची तपासणी

आता एक हिशेब मांडतो. तो केवळ समजण्यासाठी आहे. एखादी तपासणी दहा रोग्यांपैकी नऊ जणांत रोग पकडते आणि दहा निरोग्यांपैकी एकास चुकून रोगी ठरवते, असे धरू. काही तक्रार नसलेल्या १,००० लोकांची तपासणी केली आणि त्यांत खरे रोगी १० असले, तर ९ सापडतील. उरलेल्या ९९० निरोग्यांतील ९९ जणांनाही रोग असल्याचा अहवाल मिळेल. म्हणजे दोषी अहवाल हाती आलेल्या १०८ जणांत खरा रोगी बारांत एक!

तीच तपासणी, वैद्याने पारखून पाठवलेल्या आणि निम्म्यांस खरोखर रोग असलेल्या १,००० लोकांची केली, तर ४५० खरे आणि ५० खोटे अहवाल येतील. दहांतील नऊ खरे. यंत्र बदलले नाही, तंत्रज्ञही बदलला नाही. बदल झाला तो आधी केलेल्या पारखीचा.

यास्तव "संपूर्ण शरीराचे स्कॅन, सवलतीच्या दरात" अशा जाहिराती दिसल्या, म्हणजे जपून असावे. खोट्या अहवालापाठोपाठ दुसरी तपासणी, तिसरी तपासणी आणि कधी सुईने तुकडा काढणे, अशी मालिका लागते. योग्य वयाच्या स्त्रियांची मॅमोग्राफी, किंवा दीर्घकाळ पुष्कळ धूम्रपान केलेल्यांचा कमी मात्रेचा छातीचा सी.टी., अशा तपासण्या उपयोगी ठरल्या आहेत. पण त्याही वय आणि जोखीम पाहूनच.

६. आमची चूक आणि आमची विनंती

शेवटी एक कबुली द्यावयाची आहे. समितीने आरंभीची काही वर्षे तपासणीचा प्रत्येक अर्ज न विचारता मंजूर केला. विचारणे हे कृपणपणाचे वाटे. एका वर्षी निधी वर्ष संपण्यापूर्वीच संपला आणि त्यानंतर एका आईचा मुलाच्या शस्त्रक्रियेसाठी अर्ज आला. आम्हांला सभासदांच्या दारोदार फिरावे लागले आणि शस्त्रक्रिया लांबली. मूल आज बरे आहे, पण त्या माउलीने वाट पाहत काढलेले दिवस आम्ही विसरलो नाही. ज्या फिल्मांनी कोणाच्या उपचारात काही फरक पडला नाही, त्यांवर तो पैसा गेला होता.

तेव्हापासून आम्ही अर्जावर एक ओळ वाढवली आहे: "या तपासणीने कोणत्या प्रश्नाचे उत्तर मिळावयाचे आहे?" ती ओळ रुग्णाच्या डॉक्टरांनी भरावयाची असते. तातडीच्या प्रसंगी ही अट नाही. तेव्हा आधी रुग्णालय, मग अर्ज.

वाचकांस आमची विनंती इतकीच. तपासणी सुचवली गेली की, डॉक्टरांना आदराने चार गोष्टी विचाराव्यात. ही कशासाठी? हिच्या उत्तराने उपचार बदलेल काय? किरण नसलेली किंवा साधी तपासणी चालेल काय? काही दिवस थांबले तर धोका आहे काय? चांगल्या डॉक्टरांना असे प्रश्न खटकत नाहीत. जुन्या फिल्म आणि अहवाल तारखेप्रमाणे लावून एका पिशवीत जपावेत, म्हणजे तीच तपासणी पुन्हा करावी लागत नाही. अहवालातील शब्द स्वतः वाचून घाबरू नये. तो कागद रुग्णाला पाहिलेल्या डॉक्टरांनीच वाचावयाचा असतो.

आरंभी सांगितलेले कंबरदुखीचे गृहस्थ आता रोज सकाळी फिरावयास जातात. त्यांना बरे करण्यास नवी तपासणी लागली नाही. एका डॉक्टरांनी अर्धा तास त्यांच्याजवळ बसून पाय उचलून पाहिले, चालवून पाहिले आणि सांगितले, "आजोबा, गाद्या माझ्याही झिजल्या आहेत. उठा." आपल्या न्यासाच्या निधीतील प्रत्येक रुपया जेथे खरी गरज आहे तेथे वेळेवर पोहोचावा, यासाठी हा पाठ कोणाच्या उपयोगी पडला, तर लिहिण्याचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू.